एका हाताचं स्टेअरिंग

दाजी, काल तुमची गाडी धुतली. बोनेटवर बादलीनं पाणी मारलं. तुम्ही असता तर खेकसला असता, म्हणून मुद्दाम मारलं आणि खेकसणं ऐकू येतं का बघत जरा थांबलो. अक्का दारात उभी होती. म्हणाली, "लगेच पुसून घे बाबा. डाग पडलेले त्यांना चालत न्हाय." 'चालत नव्हतं' म्हणायला तिला अजून जमत नाही. मीही तिला दुरुस्त करायला गेलो नाही.

परवा तुमच्या नावानं शिवगणाराधनेचं जेवण झालं. जंगम जेवले, पाहुणे जेवले आणि पानावर बसलेला जो तो तुमच्याविषयी गोडच बोलला. तुमचा स्वभाव किती शांत होता म्हणे! मी हातात भाताचं भांडं घेऊन उभा होतो, ते खाली ठेवावंसं वाटलं. माझ्या बहिणीशी तुमचं लग्न झालं तेव्हापासून मी तुम्हाला ओळखतो आणि आपण दोघं भांडलो नाही असा एकही आठवडा मला आठवत नाही. त्यांनी दुसऱ्याच कोणा शांत माणसाचं वर्णन केलं असेल, माझ्या दाजींचं नव्हे. तेव्हा तुमच्याशी मीच बोलतो. आपला पंपाचा वाद तर अजून मिटलेलाही नाही.

दुष्काळ सरला त्या वर्षी तुमच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तोवर पुण्यापासून हैदराबादपर्यंतचा रस्ता तुमच्या मालकीचा असल्यासारखे तुम्ही ट्रक चालवत होता. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालायला लागलात. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला यात समाधान माना, आता गाडीचं नाव काढू नका. तुम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या माझ्या लेथच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागलात. सुरुवातीला गल्लीच्या तोंडाशी ट्रक आला की नुसत्या आवाजावरून सांगायचात, "ह्याचा नोझल गेलाय," "ह्याचा डायवर क्लचवर पाय ठेवून चालवतोय." पुढे पुढे तेही थांबलं. ट्रक यायचे, जायचे, तुम्ही मान वर करायचा नाहीत. अक्का एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "जेवतात, झोपतात, इचारलं तर बोलतात. पण महालिंगा, माणूस हितं न्हाय रे." त्या वेळी मला भीती वाटली होती. तुम्हाला वारं गेलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

मग पेट्रोल एकाएकी महाग झालं आणि तुमचं नशीब फिरलं. लोकांच्या दारातल्या मोठ्या गाड्या एका रात्रीत पांढरे हत्ती झाल्या. मोडनिंबच्या एका आडत्याच्या शेडात एक जुनी अमेरिकन गाडी कडब्याखाली पडून आहे, अशी बातमी तुमच्या एका जुन्या क्लीनरनं आणली. आडत्याला शेड मोकळी हवी होती. तुम्ही कट्ट्यावरून उठलात ते थेट मोडनिंबला गेलात आणि संध्याकाळी ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या ट्रकमागे दोर बांधून ते धूड माझ्या दारात आणून उभं केलंत. अख्खी गल्ली बंद. पलीकडच्या भांडीवाल्याला दुकानात जायला माझ्या दुकानातून वाट काढावी लागली.

"दाजी, हे काय आणलं?" मी विचारलं.

"गाडी हाय."

"ते दिसतंय. कशाला?"

"चालवायला." तुम्ही असं म्हणालात, की जणू मीच खुळा. "हिला क्लच न्हाय. डाव्या पायाला काम न्हाय. आन् स्टेअरिंग तेलावर चालतंय. उमेदीत एका कंत्राटदाराकडं हिची बहीण चालवलीया मी. एका बोटानं फिरायचं. मला तर आख्खा हात हाय की."

हे सांगताना तुम्ही उजवा हात वर केला होता. दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या मागची पत्र्याची शेड मोकळी केली.

बाकीचं काम आपण हसतखेळत उरकलं. ब्रेक, वायरिंग, रेडिएटर, सडलेला तळपत्रा. गिअरपेटी नशिबानं धडधाकट निघाली. बोनेटखाली इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा नारळाएवढा एक पंप होता. तो तेल दाबून खाली पाठवायचा आणि ते तेल चालवणाऱ्याच्या हाताऐवजी जोर लावायचं. त्याची टाकी कोरडी ठणठणीत होती. मी म्हणालो, ट्रॅक्टरच्या डेपोतून हायड्रॉलिकचं तेल आणतो. पण तुम्हाला कुठला तेवढा धीर? तुम्ही अक्काच्या स्वयंपाकघरातला डबा उचलून आणलात आणि शेतातल्या करडईचं घाण्यावर काढलेलं तेल त्यात ओतलंत. "घरचं हाय. भेसळ न्हाय. आमाला चालतंय, हिला न चालायला काय झालं?"

आणि चाललं की! होम मैदानावर गाडी काढली आणि ती तुमच्या एका हातात लहान पोराच्या सायकलसारखी फिरली. तुम्ही गोल गोल फेऱ्या मारत राहिलात. मी शेजारी बसून ओरडत होतो की पुरे, पेट्रोल संपेल, आणि तुम्ही मोठमोठ्यानं हसत होता. वारं गेल्यापासून ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग रस्त्यावर न्यायला नवे टायर मिळेपर्यंत गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. सोलापूरचा उन्हाळा आणि त्यात पत्रा. टायर आले तेव्हा स्टेअरिंग आधी घुं घुं करून रडलं आणि मग दगड झालं. मी दोन्ही हातांनी लोंबकळलो तरी जेमतेम फिरायचं. तुमच्या एका हाताला तर ते जागचं हलेना.

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणालो, पंप म्हातारा झाला, बदलायचा. तुम्ही म्हणालात, दुरुस्त करायचा. मी म्हणालो, ह्याच्या आत काय आहे हे सोलापुरात कोणी पाहिलेलं नाही, खोलला आणि बसला नाही तर हातचंही जाईल. तुम्ही म्हणालात, "मग काय झालं? मला वारं गेलं तवा तुझ्या अक्कानं दुसरा नवरा आणला का?" अक्का तिथेच चहा घेऊन उभी होती. "साकु!" ती कडाडली. रागावली की ती कानडीवर येते आणि तिचं 'पुरे' मराठीपेक्षा कानडीत जास्त लागतं. आपण दोघांनी मुकाट्यानं चहा प्यायला.

तरी मी माझंच केलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा पंप शोधून आणला. पुली बसेना, लेथवर नवी काढली. भोकं जुळेनात, जाड पट्टीचा नवा ब्रॅकेट केला. माझं काम देखणं झालं होतं, हे तुम्हीही तेव्हा कबूल केलंत. तुम्ही गाडी काढलीत, गल्लीतून चौकापर्यंत नेलीत आणि चौकात वळण घेताना तेलाचा पाइप फाटला. तापलेल्या सायलेन्सरवर तेल उडालं, पांढऱ्या धुराचा लोट उठला, कोणीतरी वाळू टाकली, कोणी उगाच पाणी. गाडी चौकात आडवी. मागे टांगे, सायकली, हातगाडे. तुम्ही एका हातानं स्टेअरिंग ओढत होता आणि ते फिरत नव्हतं. तेवढ्यात गर्दीतला एक शहाणा ओरडला, "ओ, चालवता येत न्हाय तर बसता कशाला?"

ट्रक चालवण्यात ज्याचे केस पिकले त्या माणसाला हे ऐकावं लागलं. तुम्ही दार उघडून उतरलात आणि पाय ओढत घरी गेलात. गाडी आम्ही दहाजणांनी ढकलत आणली.

आता सांगतो, पाइप जुना होता. कुजलेला होता. माझ्या पंपाचा दाब जास्त होता असं तुम्ही पुढे गावभर सांगत फिरलात, पण चांगला पाइप असता तर फाटला नसता. हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो. तुम्ही उत्तर द्यायला नाहीत म्हणून मी माघार घेईन असं समजू नका.

पण तुम्ही पुन्हा कट्ट्यावरही येईनासे झालात, तेव्हा मी घाबरलो. अक्का निरोप आणायची, "अंग दुखतंय म्हणतात." एके दिवशी निरोप न देताच ती दुकानात शिरली. कोपऱ्यात टाकून दिलेला तो जुना पंप तिनं पदरानं धरून उचलला आणि माझ्या टेबलावर आदळला.

"खोल हे."

"अक्का, ह्यात काही राम नाही."

"राम हाय का न्हाय ते खोलल्यावर कळंल. त्यांनी सांगितलं हुतं न्हवं दुरुस्त कर म्हणून? ते म्हणतील तसं एकदा कर. मग फेकून दे."

मी खोलला. आत एक गोल कडं, त्यात एक चकती, चकतीला उभ्या खाचा आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पोलादी पाती. पंप फिरला की त्या पात्यांनी बाहेर सरकून कड्याला टेकायचं आणि तेल पुढे ढकलायचं, एवढाच काय तो त्यातला जीव. माझी खात्री होती की सगळं झिजलेलं असणार. झिजलं काहीच नव्हतं. पात्या खाचांत चिकटून बसल्या होत्या, गुळाच्या पाकात बुडवून वाळवल्यासारख्या. मी वास घेतला, बोट घासलं, मला काही कळेना. अक्कानं नखानं त्या तपकिरी थराचा एक पापुद्रा काढला आणि मला म्हणाली, "आरं, हे तर माज्या डब्याच्या तोंडावर बसतंय ते. करडईचं तेल हाय हे. उन्हात वाळलंय."

मी धावत तुमच्या घरी आलो, मागोमाग अक्का. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी म्हणालो, "दाजी, लहानपणी विहिरीवरच्या मोटेला काय चोपडायचात?"

तुम्ही वळलाही नाहीत. "करडईचं तेल. उकळून."

"कशाला?"

"वाळून घट्ट बसतंय. कातडं पाणी पीत न्हाय मग." मग हळूहळू तुमचा खांदा हलायला लागला. मला वाटलं रडताय. तुम्ही उठून बसलात आणि हसून हसून तुम्हाला ठसका लागला. "मोटेचं तेल! महालिंगा, मी हिला मोटेचं तेल पाजलं!" ज्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच तेल कातड्यावर वाळवून रोगण करत आले, त्या घरच्या माणसानं ते पंपात ओतावं आणि वर भेसळ नाही म्हणून छाती काढावी! अक्कासुद्धा तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही चप्पल शोधत म्हणालात, "चल. कुटं हाय तो?"

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, दाजी. पंपाचे भाग घमेल्यात रॉकेलमध्ये भिजत घातले. खाचा साफ करायला लोखंड वापरायचं नाही, ओरखडा उठेल, असं तुम्ही बजावलंत आणि मागावरच्या जुन्या फणीच्या बांबूच्या काड्या तासून दिल्यात. कडं मी तेलदगडावर घासून गुळगुळीत केलं. दांड्याभोवतीचं गळकं सील मिळणार कुठे? तर कापडगिरणीत धोट्याला टोला देणारे म्हशीच्या कातड्याचे पिकर असतात, त्यातल्या एकाचं कातडं तुम्ही निवडलंत. मी ते धरायचं आणि तुम्ही उजव्या हातानं कापायचं. तुमच्या डाव्या हाताचं काम माझ्याकडे आलं होतं आणि तुम्ही त्यालाही टोकत होता. "हालवू नको. माजा हात असा हालत न्हवता." या वेळी हायड्रॉलिकचं तेल मी स्वतः आणलं आणि अक्काला सांगितलं, डबा लपवून ठेव.

गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, आतली हवा बुडबुडे होऊन टाकीत येते, तेल ओतायचं, परत फिरवायचं. अक्का तेल ओतत होती. घाई करायला लागलो की तुम्ही डोळे वटारायचात. फेस पूर्ण बसला, चाकं खाली टेकवली, इंजिन चालू केलं. जरा घुरघुरलं, मग आवाज विरला. तुम्ही एक बोट स्टेअरिंगवर ठेवलंत आणि ते फिरवलंत. एवढी अवजड गाडी, जागच्या जागी उभी, आणि पुढची चाकं गुपचूप वळली. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तुम्ही रॉकेलच्या वासाला शिव्या दिल्यात. मी पण दिल्या.

त्यानंतर पेठेनं तुम्हाला रोज पाहिलं. बाही दुमडलेला उजवा हात खिडकीतून दिसायचा. चौकातलं ते वळण तुम्ही मुद्दाम सावकाश घ्यायचात, त्या शहाण्याला नीट दिसावं म्हणून. दर अमावास्येला अक्काला शेजारी बसवून अक्कलकोटच्या अलीकडच्या आपल्या शेतावर जायचात आणि मी मागे बसायचो. कितीदा म्हणालो, एकदा मला चालवू द्या. "तुला दोन हात हायती. तू ट्रक चालव." हेच उत्तर. आणि गाडीखाली सकाळी तेलाचे थेंब दिसले की मी म्हणायचो, कातड्याचं सील गळतंय, आता रबरी मिळतंय, बदलू. तुम्ही थेंबाखाली पत्र्याचा डबा सरकवून म्हणायचात, "मी बी गळतोय की. घरातनं काढतोस का?" रबरी सील मी आणून ठेवलेलं आहे. ते बसवायचं की नाही यावर तुमचं माझं शेवटचं भांडण झालं आणि रात्री जेवताना परत झालं. सकाळी तुम्ही उठला नाहीत.

तोंडावर कधी म्हणालो नाही, आता म्हणतो. मला तुमचा फार अभिमान होता, दाजी. एका हातानं गाडी हाकणारा तो माणूस कोण, असं परक्या कोणी विचारलं की माझे दाजी आहेत ते, हे सांगायला मला कामातून उठून दाराशी यावंसं वाटायचं.

शेतात, तुमच्या वडिलांच्या समाधीशेजारी तुम्हाला आपल्या रीतीप्रमाणे बसवून माती द्यायचं ठरलं. भावकीनं ट्रक सांगितला होता. अक्का म्हणाली, "दुसऱ्याच्या ट्रकात मागं बसून ते कवा गेले न्हाईत. आज बी जाणार न्हाईत." भावकी कुरकुरली. तुमच्या कपाळाला विभूती लावत असलेले म्हातारे जंगम हात न थांबवता म्हणाले, "आपल्यात बसवूनच न्यायचं असतंय की. मग त्यांच्या गाडीत बसवा." वाद संपला. गळ्यात लिंग, डोक्याला रुमाल, पुढच्या सीटवर तुम्हाला बसवलं, उपरण्यानं सीटच्या पाठीशी बांधलं. अक्का मागे बसली. किल्ली तिनं माझ्या हातात दिली.

पहिल्यांदा मी ती गाडी चालवली. डांबरी रस्त्यानं काही त्रास झाला नाही. पुढे डावीकडे शेताच्या गाडीवाटेला वळायचं होतं. चाकोऱ्या खोल, बाजूला ओढा, गाडी अगदी मुंगीच्या चालीनं न्यावी लागणार. मी वळायला घेतलं आणि उपरण्याची गाठ सैल झाली. तुम्ही माझ्याकडे कललात. मागून अक्का घाबरून ओरडली, "आरं, धर त्यांना!" मी डावा हात तुमच्या पाठीमागून घालून तुमचा खांदा घट्ट धरला. तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. वळण अजून अर्धं बाकी होतं. ट्रक असता किंवा दुसरी कुठलीही गाडी असती, तर तिथे दोन्ही हात लागले असते.

मी उजव्या हातानं स्टेअरिंग फिरवलं. ते फिरलं. दाजी, शेतापर्यंत मला तुम्हाला सोडावं लागलं नाही.